नाळेतील नळी : एका वैद्यकीय संज्ञेची अर्थचिकित्सा

नवजात अर्भकांच्या अतिदक्षता विभागात 'अम्बिलिकल कॅथेटर' ह्या नावाने जी वस्तू ओळखली जाते तिला मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न वरवर पाहता परिभाषाकारांचा आहे. एखादा संस्कृत समास बनविला, तो कोशात नोंदविला, की असा प्रश्न सुटला असे मानण्याची आपली रीत आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार निराळ्या बाजूने करावयाचा आहे. ही संज्ञा ज्यांच्या कानी पडते त्यांत वैद्यकाचे विद्यार्थी व परिचारिका जशा असतात तसेच त्या अर्भकाचे आईबापही असतात. आणि त्यांच्यापैकी कोणाला तरी, बहुधा प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही तासांतच, एका कागदावर सही करावयाची असते. तेव्हा ही संज्ञा काय सांगते आणि काय सांगत नाही, ह्याची चिकित्सा करणे केवळ हौसेचे ठरू नये.

प्रथम वस्तू कोणती ते पाहू. नाळेत तीन रक्तवाहिन्या असतात : दोन धमन्या आणि एक शिरा. नाळ कापल्यावर बाळाच्या पोटावर जो देठ उरतो त्याच्या छेदावर ह्या तिन्हींची तोंडे डोळ्यांना दिसतात. शिरेचे तोंड मोठे, पातळ भिंतीचे व सैल असते. धमन्यांची तोंडे बारीक, जाड भिंतीची व आवळलेली असतात. ह्या तोंडांतून साडेतीन किंवा पाच क्रमांकाची मऊ नळी आत सरकविता येते. (हा क्रमांक पॅरिसचा शस्त्रोपकरणकार शारिएर ह्याच्या मापपद्धतीतला असून एक अंक म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा होय. इंग्रजी व्यवहारात त्या पद्धतीला त्याचे नाव न राहता 'फ्रेंच' एवढे त्याच्या राष्ट्राचे नाव उरले. उच्चारायला अवघड असलेल्या विशेषनामांची अशी गत अनेकदा होते.) अपुऱ्या दिवसांच्या, किलो-दीड किलो वजनाच्या बाळाच्या हातापायांच्या शिरा इतक्या सूक्ष्म असतात की त्यांत सुई राहणे कठीण, नाळेचा हा मार्ग मात्र जन्मानंतर काही दिवस खुला करता येतो. शिरेतील नळीतून औषधे, साखरेचे पाणी व पोषक द्रव देतात. धमनीतील नळीतून रक्तदाब अखंड मोजता येतो, आणि रक्तातील प्राणवायू तपासण्यासाठी बाळाला पुनःपुन्हा न टोचता रक्त घेता येते.

आता शब्दाकडे वळू. 'अम्बिलिकल' हे विशेषण लॅटिन 'उम्बिलिकुस' ह्यावरून आले. ग्रीक 'ओम्फालोस', इंग्रजी 'नेव्हल' आणि आपली 'नाभि' ही त्याचीच भावंडे आहेत. ह्या कुळातील शब्दांचा चाकाशी जुना संबंध आहे. वैदिक भाषेत 'नाभि' म्हणजे बेंबी आणि चाकाचा तुंबाही; इंग्रजीतही 'नेव्हल'चा सख्खा शब्द 'नेव्ह' तुंब्याचाच वाचक आहे. 'कॅथेटर' हा ग्रीक शब्द असून 'खाली सोडलेली वस्तू' हा त्याचा मूळ अर्थ. 'कॅन्युला' म्हणजे लॅटिनमध्ये 'लहानसा बोरू'. आणि आपली 'नळी' तरी दुसरी काय आहे? 'नड' म्हणजे बोरू, 'नाल' म्हणजे पोकळ देठ. नळ, नळी, नाळ, नाडी हे सारे शब्द ह्याच परिवारातले. म्हणजे 'नाळेतील नळी' असे आपण म्हणतो तेव्हा एका पोकळ देठात दुसरा पोकळ देठ घातल्याचे सांगत असतो. शब्द आणि वस्तू ह्यांचा इतका निकट मेळ परिभाषेत क्वचितच पडतो, आणि त्यामुळेच ही संज्ञा निर्दोष आहे असा भास होतो.

ती निर्दोष नाही. तिचा मुख्य दोष असा की ती दाराचे नाव सांगते, मुक्कामाचे सांगत नाही. नळी बेंबीतून आत शिरते हे खरे, पण तिचे टोक बेंबीत राहत नाही. शिरेतून गेलेली नळी वर चढते, यकृताच्या पोटातील एका आखूड वाहिनीतून अधोमहाशिरेत येते, आणि तिचे टोक हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्याच्या तोंडाशी ठेवावयाचे असते. धमनीतून गेलेली नळी आधी खाली कटिभागात उतरते, तेथे वळून महाधमनीत शिरते व कण्याच्या डाव्या अंगाने वर जाते. तिचे टोक एकतर सहाव्या ते नवव्या वक्षमणक्यांच्या पातळीवर ठेवतात किंवा खाली तिसऱ्या-चौथ्या कटिमणक्यापाशी. (व्युत्पत्तीच्या दृष्टीने 'खाली सोडलेली' हे नाव धमनीतील नळीला निदान पहिल्या टप्प्यापुरते लागू पडते, शिरेतील नळीला मुळीच नाही.) क्ष-किरणाच्या चित्रात ह्या दोघींची ओळख पटते ती मार्गावरून, दार दोघींचे एकच असते.

आणि धोका कोठे आहे? जवळजवळ सगळा टोकाशी. शिरेतील नळीचे टोक यकृतात अडकले तर तेथील ऊतींना इजा होते. ते हृदयात फार आत गेले तर ठोक्यांची लय बिघडते, आणि क्वचित हृदयाभोवतीच्या पिशवीत द्रव साचून जीवावर बेतते. धमनीतील नळीमुळे गुठळी झाली तर मूत्रपिंडाचा किंवा आतड्याचा रक्तपुरवठा धोक्यात येतो. कधी बाळाच्या पायाची बोटे पांढरी किंवा निळी पडतात, आणि म्हणून नळी घातल्यावर परिचारिका त्या बोटांकडे वारंवार पाहतात. बेंबीत नळी घातली एवढेच ऐकलेल्या बापाला बाळाच्या पायाची बोटे का पाहतात हे कसे उमगावे? त्याच्या कानी पडलेल्या संज्ञेत त्या दोहोंना जोडणारा दुवाच नाही.

वैद्यकशास्त्राला मात्र मुक्कामाचे महत्त्व पूर्वीपासून ठाऊक आहे. १९६६ साली पीटर डन ह्यांनी मृत अर्भकांच्या शरीरावर मोजमापे घेऊन खांदा ते बेंबी ह्या अंतरावरून नळी किती आत जावी ह्याचे आलेख प्रसिद्ध केले. १९८६ साली शुक्ल व फेरारा ह्यांनी वजनावरून अंदाज बांधण्याचे सोपे सूत्र दिले : धमनीसाठी किलोग्रॅममधील वजनाची तिप्पट अधिक नऊ सेंटिमीटर, आणि शिरेसाठी ह्या अंतराचे निम्मे अधिक एक. एक किलोच्या बाळाला हे सूत्र लावले तर धमनीतील नळी बारा सेंटिमीटर आत जावी आणि शिरेतील सात. बारा आणि सात ह्यांतील तफावत म्हणजेच खाली उतरून पुन्हा वर चढण्याचा वळसा होय. पुढे 'उच्च' व 'नीच' स्थानांची तुलना करणाऱ्या अभ्यासांचे एकत्रित परीक्षण झाले, त्यात उच्च स्थानी ठेवलेल्या धमनी-नळीने रक्तवाहिन्यांचे उपद्रव कमी होतात असे दिसून आले. ह्या साऱ्या वाङ्मयात बेंबी केवळ आरंभबिंदू आहे. चर्चा सगळी टोकाची आहे. असे असताना नाव मात्र बेंबीचेच का राहिले?

ह्याचे उत्तर उपचाराच्या इतिहासात सापडते असे वाटते. १९४० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात बोस्टन येथे लुई डायमंड ह्यांनी आईच्या व बाळाच्या रक्तगटांच्या विरोधामुळे होणाऱ्या विकारावर नाळेच्या शिरेतून प्लॅस्टिकची नळी घालून बाळाचे रक्त बदलण्याची पद्धत रूढ केली. तेथे नळी पाहुणी होती. थोडे रक्त काढावयाचे, तितकेच दुसरे भरावयाचे, असे करीत काम संपले की नळी काढावयाची. पाहुणा कोणत्या दाराने आला हे सांगितले की पुरे होते. पुढे अतिदक्षता विभाग उभे राहिले आणि तीच नळी दिवसेंदिवस मुक्काम करू लागली. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रांनी २०११ साली धमनीतील नळी शक्यतो पाच दिवसांपेक्षा अधिक ठेवू नये व शिरेतील नळी निर्जंतुक काळजी घेऊन चौदा दिवसांपर्यंत ठेवता येईल असे म्हटले होते. त्यानंतरचा कल ती अधिक लवकर काढण्याकडे आहे. पाहुणा बिऱ्हाडकरू झाला, नाव जुनेच राहिले. अर्थ बदलूनही शब्द न बदलल्याची उदाहरणे भाषाशास्त्रात विपुल आहेत. येथे त्या स्थितिशीलतेची झळ एका तिऱ्हाइताला लागते, एवढाच फरक.

मराठी परिभाषेने ह्यात आणखी एका गोंधळाची भर घातली आहे, व तो अधिक उद्बोधक आहे. आपल्याकडील जुन्या शरीरशास्त्रीय लेखनात शुद्ध रक्ताच्या वाहिनीला 'रोहिणी' व अशुद्ध रक्ताच्या वाहिनीला 'नीला' म्हणण्याचा प्रघात होता, आणि तो पुरता गेलेला नाही. शब्द सुंदर आहेत. रोहिणी म्हणजे तांबडी, नीला म्हणजे निळी. विद्यार्थ्याच्या ध्यानात ते चटकन राहतात. पण गर्भाच्या नाळेत काय घडते? तेथे वारेकडून प्राणवायूने समृद्ध असे तांबडे रक्त गर्भाकडे आणते ती शिरा, आणि काळपट रक्त वारेकडे परत नेतात त्या धमन्या. म्हणजे 'नाळेची नीला' तांबडी आणि 'नाळेच्या रोहिण्या' काळपट. बाळाने श्वास घेतला आणि नाळ कापली गेली की ही उलटापालट संपते व नावे पुन्हा खरी होऊ लागतात. परंतु ज्या बाळाला ही नळी लागते त्याचा श्वासच पुरता चाललेला नसतो, आणि त्याच्या धमनीतील रक्तही काळसर असू शकते. रंगावर उभारलेली परिभाषा जेथे सर्वांत अधिक उपयोगी पडावयाची तेथेच दगा देते.

ह्या दोन शब्दांचा उगम पाहिला म्हणजे दोष कोठे शिरला ते कळते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात हे दोन्ही शब्द येतात, पण दोन्ही सिरांचीच विशेषणे म्हणून. तेथे वात वाहणाऱ्या सिरा अरुण, पित्त वाहणाऱ्या नील, कफ वाहणाऱ्या गौर आणि रक्त वाहणाऱ्या रोहिणी असे चार वर्ण सांगितले आहेत. धमन्यांचा विचार स्वतंत्र अध्यायात आहे, आणि सिरा, धमनी व स्रोतस् ही एकच होत असे मानणाऱ्यांचे मत उल्लेखून ग्रंथकाराने ते नाकारले आहे. आधुनिक लेखकांनी ह्या चार रंगांतले दोन उचलले, त्यांचा मूळचा दोषविचार टाकून दिला, आणि हार्वेनंतरच्या रक्ताभिसरणाच्या कल्पनेवर ते बसविले. ह्यात गैर काही नाही. युरोपातही 'आर्टेरिआ' हा शब्द श्वासनलिकेलाही लागत असे, आणि आपल्या 'धमनी'तील धातू तर फुंकण्याचाच आहे. जुन्या शब्दांत नवा अर्थ भरूनच शास्त्रे बोलू लागतात. मात्र रक्ताभिसरणाच्या विचारात वाहिनीची जात ठरते ती दिशेवरून : हृदयाकडून जाते ती धमनी, हृदयाकडे येते ती शिरा. ह्या दिशावाचक भेदाला रंगाचे नाव देणे ही चूक होती. इतर ठिकाणी ती झाकली जाते, नाळेत उघडी पडते. (फुप्फुसाच्या वाहिन्यांतही ती उघडी पडते, हे शरीरशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सांगावयास नको.) यास्तव ह्या प्रकरणापुरते तरी 'रोहिणी' व 'नीला' बाजूस ठेवून 'नाळधमनी' व 'नाळशिरा' हेच शब्द स्वीकारावेत असे सुचवावेसे वाटते.

सुश्रुताचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. त्याच्या मते सातशे सिरांचे मूळ नाभी हे असून चाकाच्या तुंब्याभोवती आरे असावेत तशा त्या नाभीभोवती पसरलेल्या असतात. चोवीस धमन्याही नाभीपासूनच निघतात. प्रौढ शरीराचे वर्णन म्हणून हे टिकणारे नाही. पण हेच चित्र गर्भाच्या शरीराला लावले तर त्यात तथ्य दिसते, कारण गर्भाचे सारे पोषण खरोखरच नाभीतून शिरते. नाळेतून नळी घालणारा डॉक्टर ह्याच जुन्या वाटेचा, ती बुजण्यापूर्वी, आणखी काही दिवस उपयोग करून घेत असतो.

आतापर्यंत पाहिला तो परिभाषेचा भाग. व्यवहारात मात्र आपल्या रुग्णालयांतून ऐकू येते ती भाषा ह्याहून वेगळी. तेथे 'लाईन' असते, 'यूव्हीसी' आणि 'यूएसी' असतात. ही दोन लघुरूपे ध्वनिदृष्ट्या पाहण्यासारखी आहेत. दोहोंचा आदी व अंत एकच, मधला एक अवयव काय तो वेगळा : 'व्ही' आणि 'ए'. स्वनिमशास्त्र शिकविताना आपण असल्या जोड्या मुद्दाम हुडकून काढतो. पण यंत्रांच्या घणघणाटात, मुखपट्टीआडून, घाईने उच्चारल्या जाणाऱ्या भाषेत अशी जोडी असणे इष्ट नव्हे. कारण ह्या एका अवयवावर बरेच अवलंबून असते. रक्तदाब वाढविणारी औषधे, उदाहरणार्थ, शिरेतील नळीतून देतात, धमनीतील नळीतून सामान्यतः देत नाहीत. 'नाळशिरा' व 'नाळधमनी' ह्या जोडीत भेद दाखविणारा भाग दोन-तीन अक्षरांचा आहे, आणि तो शब्दाच्या शेवटी, ठसठशीत पडतो. मराठी शब्द लांब म्हणून गैरसोयीचे, हा आक्षेप येथे उलटा फिरतो.

क्रियापदांचाही विचार व्हावयास हवा. मराठीत सलाईन 'लावतात', सुई 'टोचतात', नळी 'घालतात' किंवा 'टाकतात'. 'लावणे' ही बाहेरून जोडण्याची क्रिया. दिवा लावतो, ठिगळ लावतो. 'घालणे' आत शिरविण्याची. 'बाळाला लाईन लावली आहे' असे वाक्य ऐकणाऱ्याच्या मनात हाताला लावलेल्या सलाईनचेच चित्र उभे राहते. छातीपर्यंत गेलेल्या नळीचे ते राहणे शक्य नाही. उलट 'कॅथेटर घातला आहे' असे म्हटले तर दुसराच घोटाळा संभवतो, कारण मराठी घरांत 'कॅथेटर' ह्या शब्दाचा रूढ अर्थ लघवीची नळी असा आहे. आजोबांच्या आजारपणात तो शब्द घरात आलेला असतो. आणि 'नाळेतून नळी' म्हटले तर आजी विचारणार : नाळ तर कापली, मग तिच्यातून नळी जाते कशी? हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. मराठीत 'नाळ' हा शब्द आईला व बाळाला जोडणाऱ्या संपूर्ण दोराला लागतो, वारेबरोबर पुरल्या जाणाऱ्या भागाला लागतो आणि 'बाळाची नाळ पडली' असे म्हणताना वाळून गळणाऱ्या तुकड्यालाही लागतो. ह्या तिसऱ्या अर्थासाठी भाषेत एक नेमका शब्द आहे, पण तो आपण ओरडण्यापुरताच राखून ठेवला आहे. 'बेंबीच्या देठापासून' ह्या वाक्प्रचारातला 'देठ' तो हाच. परिभाषाकारांनी 'नाभिनालावशेष' असा समास घडविण्याआधी ह्या देठाकडे पाहावयास हरकत नव्हती.

आता संमतिपत्राकडे येऊ. समजा, त्यात असे वाक्य आहे : 'नवजात शिशूच्या उपचारार्थ आवश्यकतेनुसार नाभीय नलिका स्थापित करण्यात येईल व त्यातील संभाव्य गुंतागुंतीची कल्पना मला देण्यात आली आहे.' वाक्य व्याकरणशुद्ध आहे. पण कर्ता नाहीसा झालेला आहे, नळी कोठपर्यंत जाणार ते नाही, किती दिवस राहणार ते नाही, आणि 'गुंतागुंत' ह्या एका शब्दात पायाच्या बोटांपासून हृदयापर्यंतचे सारे काही कोंबलेले आहे. इंग्रजी नमुन्याच्या शब्दाला शब्द ठेवण्याच्या पद्धतीचे हे फळ होय. संज्ञा कितीही सुधारली तरी असे वाक्य सुधारणार नाही, हे परिभाषेच्या अभिमान्यांनी ध्यानात घ्यावे. विद्यार्थ्याला शब्द हवा असतो. आईला वाक्य हवे असते. प्रस्तुत लेखकाच्या मते ते वाक्य साधारण असे असावे : 'बाळाच्या बेंबीच्या देठातून एक बारीक मऊ नळी आम्ही आत घालणार आहोत, तिचे टोक बाळाच्या हृदयाच्या तोंडाशी राहील, देठाला संवेदना नसते, म्हणून तेथे ती टोचल्यासारखी दुखत नाही, औषध आणि अन्न तिच्यातून जाईल, गरज संपताच ती काढू.' धमनीच्या नळीसाठी दुसरे वाक्य लागेल, कारण तिचा मार्ग, काम आणि धोका तिन्ही वेगळी आहेत. दोन्ही नळ्यांना मिळून एक वाक्य करणे म्हणजे 'नाभीय नलिका' ह्या मोघमपणाकडे पुन्हा जाणे होय. धोके ह्या वाक्यांच्या पाठोपाठ सांगता येतील, आणि टोक कोठे आहे हे आधी कळलेले असल्याने ते समजतीलही.

ह्यावर असा आक्षेप येईल की अतिदक्षता विभागात इतका वेळ कोणाला आहे. आणि नुसते चित्र दाखविले तर पुरे. चित्र अवश्य दाखवावे. पण चित्राखाली जे नाव लिहिलेले असते तेच घरी जाते, आणि फोनवरून दुसऱ्या रुग्णालयात असलेल्या बाळंतिणीला सांगितले जाते. शस्त्रक्रिया होऊन पडलेल्या आईजवळ तेव्हा चित्र नसते, नवऱ्याचे वाक्य असते. ते वाक्य त्याला डॉक्टरकडून मिळते.

वेळेचा आक्षेप एका प्रसंगी मात्र खरा आहे. जन्मतःच बाळाचे हृदय मंद पडले असेल तर प्रसूतिगृहातच नाळेच्या शिरेत नळी घालून ॲड्रेनॅलिन देतात. तेव्हा संमतीची वाट पाहत नाहीत आणि पाहूही नये. त्या वेळी नळी केवळ दोन ते चार सेंटिमीटर, रक्त मागे येईपर्यंतच, आत सरकवितात. टोक हृदयापाशी नेत नाहीत. म्हणजे वर सुचविलेले वाक्य त्या प्रसंगी खोटे ठरेल. तेथे आईबापांना जे ऐकावयास मिळते ते भूतकाळातील असते, 'नळी घातली होती', आणि त्यासाठी निराळी शब्दयोजना करावी लागेल. ती करताना नळी अजून तेथेच आहे, काढली आहे, की पुढे सरकविली आहे, हे तिन्ही पर्याय क्रियापदातून वेगळे दिसले पाहिजेत.